झावळ्या पिवळ्या पडल्या तेव्हा

उस्ताद तिजानींना वाळूचा आवाज ऐकू यायचा. वाऱ्याने उडणाऱ्या वाळूचा नव्हे. तो सूफच्या वाळवंटी मुलखात सगळ्यांनाच ऐकू येतो आणि कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. हा आवाज वेगळा होता. भरलेली टोपली खांद्यावरून उलटी करावी आणि वाळू उतारावरून सुर्रकन निसटत जावी, तसा. एकदाच यायचा. मग सगळे शांत, माणसाला खाली उतरून, टोपली भरून पुन्हा वर यायला लागावा तेवढा वेळ. आणि पुन्हा सुर्र.

विद्यापीठाच्या मोठ्या वर्गात, फळ्याकडे तोंड असताना तो हमखास यायचा. बायको होती तोवर त्यांनी तिला सांगून पाहिले होते. ती म्हणाली, "कानाच्या डॉक्टरकडे जा." डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहेत. त्यानंतर उस्तादांनी ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही. आवाज कुणाचा हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या वडिलांनी, हाजी लखदरनी, जन्मभर दुसरे काही केलेच नव्हते.

हाजी लखदरची बाग खड्ड्यात होती. सूफमधल्या साऱ्याच जुन्या बागा खड्ड्यात. वर वाळूचे डोंगर, खाली पाणी. मग पाणी वर ओढत बसण्यापेक्षा झाडच खाली न्यावे, ही तिथल्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हाताला ओल लागेपर्यंत वाळू उपसत जायचे आणि तळाशी खजुरी लावायच्या. मुळे आपली आपण पाणी पितात. पाट नको, रहाट नको. वारा रोज जेवढी वाळू आत लोटतो तेवढी रोज टोपलीने बाहेर टाकायची, एवढेच माणसाचे काम. अशा बागेला घूत म्हणतात. घूतच्या काठावर उभे राहिले की उंच उंच झाडांचे शेंडे आपल्या पायाशी हलत असतात.

म्हणजे हलत असत.

उस्तादांचा विषय पहिल्या वर्षाच्या सगळ्या शाखांना सक्तीचा होता. निसर्ग जपून कसे जगावे, पुढच्यांसाठी काय राखावे, असा तो विषय. कायद्याची मुले, हिशेबाची, अरबी साहित्याची, यंत्रांची, सगळी मंगळवारी सकाळी एका छताखाली बसत. विषयाला गुण किरकोळ, म्हणून कुणी मनावर घेत नसे. इतर प्राध्यापक चहा पिताना म्हणत, "तिजानी, तुझं बरं आहे, नापास करायलासुद्धा कुणी नाही." मुलांनी या तासाला 'मंगळवारची मयत' असे नाव ठेवले होते. ते उस्तादांच्या कानावर होते. मनात कुठेतरी ते त्यांना आवडतही असे. मयतीला माणूस निदान गप्प तरी बसतो.

कारण उस्तादांचा एक ठाम समज होता. मुलांना कळत नाही, म्हणून वळत नाही. तहानलेली आहेत, पाजले पाहिजे. त्यामुळे वर्ग कोमेजलेला दिसला की ते आणखी सांगत. आटलेली तळी, खारावलेली शेते, मेलेले मासे. एका वर्षी कमी पडले असे वाटले की पुढच्या वर्षी जास्त. आणि दर वर्षी खजुराच्या तोडणीचे दिवस आले, की मुलांना बसमध्ये घालून ते आपल्या वडिलांच्या घूतवर नेत.

त्या वर्षीही नेले.

बसमधून उतरता उतरता बासितने नाक दाबले. बासित हिशेबाच्या शाखेचा, अंगाने फाटका, तोंडाने फाटक्याहून फाटका. "उस्ताद, इथं मासे मिळतात का?"

"मासे नाहीत. डास आहेत."

"मग डासांची आमटी करू. लल्ला दाविया करून घालतील."

लल्ला म्हणजे ताई, आणि लल्ला दाविया म्हणजे उस्तादांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरच्या घरात, घूतच्या काठाशीच, चार शेळ्या घेऊन राहत होती. मुले आली की परातभर शेंगदाणे आणि काळा कडक चहा काढी, आणि भावाचे बोलणे चालू असताना घराच्या घुमटाच्या सावलीत पाठ करून बसे. ती कधी ऐकायला आली नाही.

खाली काळे पाणी होते. काठाने लव्हाळी माजली होती. पाण्यातून बिनशेंड्याचे बुंधे वर आले होते, पूर्वी जिथे उभे होते तिथेच, रांगेत. एका बाजूने नगरपालिकेने वाळू आणि राडारोडा लोटून खड्डा बुजवायला घेतला होता आणि मग तसाच सोडला होता. त्या उथळ कडेला एकच खजुरी जिवंत होती, तीही वाकडी.

उस्तादांनी गोष्ट सांगितली. वर्षानुवर्षे सांगून ती गुळगुळीत झाली होती. गावात नळ आले. खोल, अगदी खोल जमिनीतून पाणी उपसून घराघरात आले. माणसे हरखली. पण वापरलेले पाणी जायचे कुठे, याचा विचार कुणी केला नाही. गटारे नव्हती. घरोघरच्या शोषखड्ड्यांतून ते वाळूत मुरले आणि वरच्या पाण्याला जाऊन मिळाले. वाळवंटात पूर आला, तोही खालून. घूत एकेक करून बुडाले. आभाळातून थेंब पडला नाही आणि बागा बुडून मेल्या.

मुले गप्प झाली. बासितसुद्धा. उस्तादांना बरे वाटले.

तेवढ्यात एक मुलगी पुढे आली. अरबी साहित्याची, विआम नावाची. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसे, कधी बोलत नसे. "उस्ताद, घूत बुजवतात तेव्हा झाडं आधी तोडतात का?"

"तोडत बसायला कुणाला वेळ आहे? उभीच बुजवतात."

"म्हणजे ती खाली उभी असतात?"

"उभी असतात." वर्ग शहारलेला त्यांना दिसला, म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, "आपण ज्या रस्त्याने आलो, त्या रस्त्याखालीसुद्धा."

विआमने खाली पाण्याकडे पाहिले. मग विचारले, "आणि तुमच्या वडिलांनी काय केलं? पाणी चढायला लागलं तेव्हा?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारले नव्हते. घुमटाच्या सावलीत दावियाने मान वळवली.

"काय करणार?" उस्ताद म्हणाले. "बघत राहिले."

समोरच्या काठावरून सुर्र असा आवाज आला. उस्तादांनी घाईघाईने मुलांना चहाला पिटाळले.

त्यानंतरच्या मंगळवारी विआम आली नाही. पुढच्याही नाही. उस्तादांनी बासितला गाठले, कारण तो तिचा मावसभाऊ होता.

"आजारी आहे का?"

"नाही. म्हणजे... हो." बासितला पहिल्यांदाच शब्द सापडेनात. "कुठल्याच तासाला येत नाही. घरात बसून असते. मावशी म्हणते दृष्ट लागली. आजोबा म्हणतात लग्न करून द्या. मी म्हटलं, आजोबा, लग्नानं बरं होतं तर तुम्ही असे का?"

"होतंय काय तिला?"

"ते मावशीलाच विचारा. ती येणार आहे तुमच्याकडे. उस्ताद, मी तुमच्या जागी असतो तर त्या दिवशी रजा घेतली असती."

विआमची आई आली ती दारातच उभी राहिली. बाई साधी, कष्टाळू, डोळ्यांखाली काळे. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"उस्ताद, माझी पोरगी पाणी पीत नाही."

उस्तादांना वाटले आपण चुकीचे ऐकले.

"दिवसाकाठी दोन घोट. तेही मी ओरडले की. आंघोळ नाही, नळाला हात लावत नाही. मी भांडी घासायला बसले की येऊन नळ बंद करते. आमचं घर बुजवलेल्या घूतवर बांधलेलं आहे. तुम्ही तिला सांगितलंत की खाली झाडं उभी आहेत. आता ती म्हणते, आई, तू सांडलेलं पाणी त्यांच्यापर्यंत जातं, मला ऐकू येतं. कान लावून फरशीवर निजते." बाईने दाराची चौकट धरली. "गेल्या आठवड्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अशी राहिली तर मूत्रपिंडं जातील. तुम्ही मोठे शिकलेले. मी काही शिकले नाही. पण उस्ताद, मी पोरीला विद्यापीठात धाडलं ते शहाणी व्हायला. तुम्ही तिला काय शिकवलंत?"

उस्तादांनी पुष्कळ धीर दिला, आणि बाई गेल्यावर कामाला लागले. त्यांच्या मते मुलीला अर्धेच कळले होते, आणि अर्ध्या कळण्याने भीती वाढते. तेव्हा पूर्ण कळले पाहिजे. आता गटारे झाली आहेत, वरचे पाणी पुष्कळ उतरले आहे, हे तिला दाखवले पाहिजे. त्यांनी अहवाल काढले, नकाशे काढले, मापे काढली, चांगला जाडजूड गठ्ठा बांधला आणि बासितच्या हाती दिला.

बासितने गठ्ठा हाताने तोलला. "उस्ताद, हे सगळं?"

"सगळं."

"बुडणाऱ्याच्या गळ्यात बांधायला बरं आहे," तो पुटपुटला. उस्तादांनी न ऐकल्यासारखे केले.

आठवड्याने बासित मयतीच्या तासाला आला तो चेष्टा न करता. तास संपल्यावर थांबला. "तिनं सगळं वाचलं," तो म्हणाला. "त्यात एका ठिकाणी लिहिलंय म्हणे, की खोल जमिनीतलं पाणी फार पुरातन आहे, उपसलं की परत भरत नाही. आधी तिला वाटायचं पाणी वापरलं की झाडं बुडतात. आता वाटतं, प्यायलं की संपतं. दोन घोट होते, त्याचा एक झाला. उद्या पुन्हा सलाईन."

उस्ताद एकटे वर्गात बसून राहिले. रिकामे बाक चढणीसारखे वर गेलेले. सुर्र. थांबले. सुर्र. या वेळी आवाज मागून नव्हता, अगदी समोर, शेवटून दुसऱ्या बाकापाशी.

त्या दुपारी ते दावियाकडे गेले. ती चुलीपाशी कांदा, मिरची आणि चरबी भरलेली भाकरी भाजत होती. भावाचा चेहरा पाहून तिने पाट सरकवला आणि न विचारता भाकरीचा चतकोर पुढे केला.

उस्तादांनी सगळे सांगितले. दाविया भाकरी उलटत ऐकत होती.

"आणि तू तिला काय पाठवलंस?"

"माहिती. तिला नीट माहीत नव्हतं, लल्ला. ती पार सुकून गेली आहे."

दावियाने उलथने खाली ठेवले. "अगदी बाबांवर गेलास. पिवळं दिसलं, की घे फावडं."

उस्तादांचा घास हातात राहिला.

त्या गोष्टीबद्दल ही दोन भावंडे एकमेकांशी कधी बोलली नव्हती. हाजी लखदर वारल्याला कितीतरी वर्षे झाली होती, आणि त्याच्याही आधीची ती गोष्ट.

गावात नळ येऊन बरीच वर्षे झाल्यावर एका वर्षी हाजी लखदरच्या खजुरींच्या झावळ्या पिवळ्या पडू लागल्या. सूफमध्ये पिवळ्या झावळीचा अर्थ एकच. पाणी खाली गेले. झाड तहानले. त्यावर उपाय एकच, आणि तो शेंबड्या पोरालाही माहीत. झाड आणखी खाली बसवायचे. मुळांभोवतीची वाळू उपसायची, बुंधा दोरांनी तोलून धरायचा आणि आख्खे झाड वीतभर खाली उतरवायचे. बापाने तेच केले होते, आजाने तेच केले होते. पाणी वर येऊ शकते, हे कुणाच्या कहाणीत नव्हते, की शापात नव्हते.

उस्ताद तेव्हा तरुण होते, दुसऱ्या गावी शाळेत शिकवत. ईदला घरी आले तेव्हा म्हातारा कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. हाताला ओल लागली तसा ओरडला, "लागलं! तिजानी, बघ, किती जवळ आलंय! बरकत आहे रे, बरकत!" ओल्या वाळूचा गोळा त्याने लेकाच्या कपाळाला फासला. तिजानीने अंगरखा काढला आणि टोपली खांद्यावर घेतली. त्या सुट्टीत बापलेकांनी मिळून अर्धी बाग खाली उतरवली. दावियाने दोर धरले. इतके सुखाचे दिवस त्या घराने फार थोडे पाहिले.

वर्ष गेले आणि जी झाडे खाली उतरवली होती ती आधी मेली. म्हाताऱ्याला वाटले, पुरेसे खाली नेले नाही. तो उरलेल्या झाडांना भिडला. आता मदतीला कुणी नव्हते. पोटरीभर पाण्यात उभा राहून तो चिखल उपसायचा, टोपलीने वर नेऊन काठावर टाकायचा. शेजारी काठावरून हाका मारत, "हाजी, वर या, पाणी आहे ते!" तो म्हणे, "मला दिसतंय पाणी. झाडाला दिसत नाहीये." मरेपर्यंत त्याला कळले की नाही, कुणास ठाऊक. शेवटी शेवटी तो घराच्या अंगणातली वाळू टोपलीत भरून गल्लीत नेऊन ओती, आणि वारा ती रात्रीतून परत आणी.

"तू पोरांना सांगतोस, बघत राहिले," दाविया म्हणाली. "दर वर्षी मी पाठ करून बसते. ते बघत बसणारे होते का रे? तो माणूस? त्यांनी चूक केली. पण बघत नाही बसले."

"लोक हसतील, लल्ला. आपल्याच हातानं बाग मारली म्हणतील."

"मग तू पण होतास की. मी पण होते. हसू देत." तिने चुलीतली लाकडे मागे ओढली. "ऊठ. चादर घेते मी. पोरीच्या घरी तू एकटा कसा जाणार? आणि रिकाम्या हातांनी?"

खजुरांचा डबा काखेत मारून दाविया पुढे, आणि तपकिरी कश्शाबियाच्या, म्हणजे लोकरी झग्याच्या, टोपीत अर्धा चेहरा झाकून उस्ताद मागे, असे ते विआमच्या दारी गेले. तिच्या आईने त्यांना आत घेतले. बासितही तिथेच होता. "मयत घरपोच आली," असे म्हणून त्याने मावशीचा धपाटा खाल्ला.

विआम भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेले, आणि चेहरा पिवळा. उस्तादांनी तो रंग पाहिला. तो रंग त्यांच्या ओळखीचा होता.

"उस्ताद," ती खरखरत्या आवाजात म्हणाली, "अजून आकडे आणलेत का?"

"नाही."

"बरं झालं. मला आता मावत नाहीत."

उस्ताद फरशीवर बसले. खाली कुठेतरी झाडे उभी आहेत हे त्यांच्याही मनात आले. त्यांनी खाली पाहतच बोलायला सुरुवात केली.

"तू मला विचारलंस, वडिलांनी काय केलं. मी खोटं सांगितलं. ते बघत राहिले नाहीत. झावळ्या पिवळ्या दिसल्या, त्यांना वाटलं झाड तहानलं. त्यांनी झाडं आणखी खाली नेली. पाण्यात. मी टोपल्या वाहिल्या."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"तहानलेलं झाड आणि बुडणारं झाड एकसारखंच दिसतं," उस्ताद म्हणाले. "मी तुझ्याबाबतीत तेच केलं. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. मी त्यांचाच मुलगा."

विआमने विचारले, "ते तुम्हाला दिसतात का?"

आईने दचकून पोरीकडे पाहिले. उस्ताद म्हणाले, "दिसत नाहीत. ऐकू येतात. टोपली रिकामी करताना."

"मला पाणी ऐकू येतं."

"मला माहीत आहे."

"तुम्ही काय करता मग?"

"इतकी वर्षं जास्त मोठ्यानं शिकवत आलो."

विआमच्या फुटक्या ओठांवर काहीतरी हलले. हसू म्हणायला ते पुरेसे नव्हते. बासितने तेवढ्यावर उडी मारली. "बघा, हसली! मावशी, लिहून ठेव!"

"गप रे, फुटक्या नगाऱ्या," दाविया म्हणाली. ती विआमच्या जवळ सरकली आणि तिचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहू लागली, भाजी घेताना पाहावी तशी. "काळजाच्या तुकड्या, मला एक सांग. तुझ्या हातांत जोर किती उरलाय?"

"का?"

"माझ्याकडे एक झाड आहे. वाकडं, पण जगलेलं. त्याच्या बुडाशी पिल्लू फुटलंय. ते काढून नीट जागी लावायचं, तर आधी खड्ड्यात चांगल्या वाळूचा ओटा करायला हवा, पाण्याच्या वर. कोरडी वाळू वरून खाली न्यायची. माझे गुडघे गेले. हा माझा भाऊ फक्त बोलतो. तू येशील?"

"मला चालवत नाही, लल्ला."

"मग बसून राहा. पण पिल्लू नवं लावलं की त्याला रोज हातानं पाणी घालावं लागतं, मुळं खाली पोचेपर्यंत. ते काम बसून होतं."

विआमने हात मागे घेतला. "कुठलं पाणी?"

"नळाचं. दुसरं कुठलं? खालचं खारट आहे, कोवळं मूळ जळून जाईल."

मुलगी येईन म्हणाली नाही. दावियाने खजुरांचा डबा तिच्या मांडीजवळ ठेवला आणि उठली.

मंगळवारी उस्तादांनी वर्गात वडिलांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, न गाळता. ओल्या वाळूचा गोळा सांगताना ते अडखळले. एक मुलगा फिदीफिदी हसला, आणि मग हसू अर्धवट टाकून गप्प झाला. शेवटी उस्तादांना नेहमीसारखा शेवट करता येईना. ते म्हणाले, "शुक्रवारच्या नमाजानंतर मी वाळू वाहायला जाणार आहे. गुण मिळणार नाहीत."

पाठीमागून बासितचा आवाज आला, "मयतीला गुण कधी मिळतात, उस्ताद? पुण्य मिळतं."

शुक्रवारी बरीच मुले आली. काही उगाच, काही दावियाच्या भाकऱ्यांसाठी. टोपल्या पुरल्या नाहीत तेव्हा बादल्या आल्या, एकाने तर पोरांना आंघोळ घालायचे टब आणले. उलट्या दिशेने काम करायची कुणाच्या घराण्यात सवय नव्हती. भरलेली टोपली घेऊन उतार उतरणे चढण्यापेक्षा अवघड जाते, पाय निसटतात. कायद्याची दोन मुले टोपलीसकट घसरत थेट लव्हाळ्यात गेली. उथळ कडेला, वाकड्या खजुरीपाशी, ओटा हळूहळू वर येऊ लागला. उस्ताद मध्ये मध्ये हाताने माप घेत. पाणी आणि मूळ यांच्यात हातभर अंतर राहिले पाहिजे.

ऊन कलले तेव्हा विआम आली. आईच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत. दावियाने तिला काठावर चटईवर बसवले आणि पुन्हा कामाला लागली, जणू तिची वाट कुणी पाहतच नव्हते.

पिल्लू पहारीने सोडवून ओट्यावर रोवले. झावळ्या दोरीने एकत्र बांधल्या, भोवती आळे केले. सगळे हात झटकत मागे सरले. दावियाने रिकामी बादली उचलली आणि चटईपाशी नेऊन ठेवली.

नळ दावियाच्या अंगणात होता, चटईपासून चार पावलांवर. विआम बादलीकडे पाहत राहिली. बासित पुढे झाला, तर उस्तादांनी त्याच्या दंडाला धरले.

ती उठली. भिंतीच्या आधाराने नळापाशी गेली. तोटीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली, मान किंचित वाकडी करून, ऐकत. तिची आई तोंडावर ओढणीचे टोक धरून उभी होती. मग तोटी फिरली. पाणी बादलीच्या पत्र्यावर आदळले तेव्हा मुलगी शहारली, पण तिने हात काढला नाही. बादली भरत आली. विआमने दुसरा हात धारेखाली धरला, ओंजळ नीट जमली नाही, अर्धे पाणी मनगटावरून ओघळले. उरलेले ती प्यायली. थांबली. पुन्हा धरली, पुन्हा प्यायली. मग नळ बंद केला, घट्ट, आणि म्हणाली, "बादली मला उचलत नाही."

बासितने आणि तिने मिळून ती उतारावरून खाली नेली. पिल्लाच्या आळ्यात पाणी ओतले. वाळूने ते बघता बघता पिऊन टाकले. पिल्लू जगेल की नाही, हे दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत कुणीच सांगू शकत नव्हते. पण मुलगी म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ, लल्ला?" आणि तिची आई मटकन खाली बसून रडू लागली.

मुले पांगली. बसचा आवाज लांब गेला. उस्ताद काठावर रिकाम्या टोपल्या एकात एक घालून ठेवत होते, आणि दाविया चटई झटकत होती. वारा पडला होता.

सुर्र.

आवाज समोरच्या काठावरून आला. तिथे कुणी नव्हते. उस्तादांनी मान वर केली नाही. सगळे शांत झाले. माणसाला खाली उतरून, टोपली भरून वर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला.

सुर्र.

दावियाने चटईची गुंडाळी काखेत मारली आणि त्या काठाकडे पाहत, रोजचे काहीतरी सांगावे अशा आवाजात म्हणाली, "बाबांना सांग रे कुणीतरी. आता खाली टाकायचंय."